सगळ्यांचा हात सैल, आपलाच आखडता... कसं निभावता?

अर्धा_कप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो, पगार बरे आहेत. घराचं कर्ज मुदतीच्या आत फेडायचं असं दोघांनी मिळून ठरवलंय आणि त्यासाठी हात आखडून राहतो. त्याचा त्रास काही होत नाही, खरं तर मजाच येते. डबा नेतो, गाडी जुनीच आहे, फोन बॅटरी बदलून वापरतोय, कपडे लागतील तेव्हाच घेतो. घरातल्या घरात हे सगळं मस्त चालतं.

भानगड होते ती बाकीच्यांबरोबर असताना. ऑफिसच्या ग्रुपबरोबर जेवायला गेलो की मी थाळी घेतो, बाकीचे स्टार्टर्स, कॉकटेल्स, नंतर डेझर्ट, त्यातलं निम्मं टेबलावर तसंच राहतं, आणि शेवटी बिल भागिले आठ. चुलतभावंडांच्या ग्रुपवर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याला व्हिला घ्यायचं चाललंय, आकडा बघून मी दोन दिवस उत्तरच दिलेलं नाही. त्यात आतेभावाचं लग्न, संगीतला सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे शिवायचे, तेही एकाच डिझायनरकडे. आणि सध्या धाकटा भाऊ आणि वहिनी त्यांचा फ्लॅट ताब्यात मिळेपर्यंत आमच्याकडेच आहेत, त्यांचा एसी १८ वर आणि अंगावर दुलई! लाईटबिल आम्ही भरतो, भावाकडे कसे मागणार.

मला कुणाला शिकवायचं नाहीये. पण दर वेळी "अरे तू तर चिक्कूच आहेस" हे हसत हसत ऐकून घ्यायचा आता कंटाळा आलाय. तुम्ही काय करता? "मित्र बदला" सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

झब्बू

मित्र बदला.

(कृपया हलके घ्या)

चहा_कटिंग

हॉटेलच्या बिलावर एकच उपाय, जे काय सांगायचं ते ऑर्डर देतानाच वेटरला सांगायचं, "दादा, माझं बिल वेगळं करा". बिल आल्यावर हिशोब काढणारा चिक्कू दिसतो, आधी सांगणाऱ्याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्याबरोबर तर आता अजून दोघंजण वेगळं बिल मागायला लागलेत.

फक्त एक पथ्य पाळा. वेगळं बिल सांगून मग समोरच्याच्या पनीर टिक्क्यातले दोन तुकडे उचलायचे नाहीत. आमच्या ग्रुपमधला एकजण हे करतो, त्याला आम्ही जकात अधिकारी म्हणतो.

गणिती_बाप

एसीबद्दल. भावाशी भांडू नका, उपयोग नाही. १८ लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही एवढंच होतं. २०२० पासून नवीन स्टार रेटिंगवाले एसी चालू केले की आपोआप २४ वर सुरू होतील असा नियम आहे, तो उगाच नाही केलेला. पण हे भावाला सांगितलंत तर तो १७ वर नेईल. मला भाऊ आहे, अनुभवाने सांगतोय.

त्यापेक्षा जिथे कुणाची परवानगी लागत नाही तिथे वाचवा. साधा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॉट. फरक ४५ वॉटचा. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट, घरात तीन पंखे बदलले तर ६० युनिट. आता महावितरणचं बिल नीट उघडून बघा, १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा, आणि दर पायरीला चढता. म्हणजे वाचतात ती ६० युनिटं तुमच्या सगळ्यात महागड्या पायरीवरची असतात, सरासरी दराने हिशोब केलात तर फायदा कमी दिसेल. भाऊ असताना तुम्ही नक्की तिसऱ्या पायरीवर असणार.

पंखा बदललेला कुणाला कळतही नाही. रिमोट मिळतो म्हणून वहिनी उलट खूशच होतील.

ठकू_न्यूजर्सी

इकडे बिल वेगळं करायला कुणाला काही वाटत नाही, वेट्रेस स्वतःच विचारते एकत्र की वेगवेगळं. पण चार मराठी कुटुंबं जेवायला गेली की मात्र "मी देतो, मी देतो" सुरू, कार्ड हिसकावण्यापर्यंत मजल जाते, आणि मग पुढच्या वेळी ज्याची पाळी त्याने त्याहून भारी हॉटेल निवडायचं. आणि मुलांचे वाढदिवस! हॉल, जादूगार, वर प्रत्येक मुलाला गुडी बॅग, त्यातल्या प्लॅस्टिकच्या वस्तू घरी येईपर्यंत गाडीतच मोडलेल्या असतात.

मला इथे सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बाय नथिंग ग्रुप. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावर सुरू झाला तो प्रकार, आता गावोगावी आहे. आपल्याच भागातल्या लोकांनी एकमेकांना वस्तू नुसत्या द्यायच्या, पैशाचा संबंध नाही. मुलीची सायकल, माझं डेस्क, बर्फातले बूट, सगळं तिथून आलं. आणि मंडळातल्या एका बाईंनी "अय्या, दुसऱ्याचं वापरलेलं?" असं नाक मुरडलं होतं, त्यांच्याच घरातून आलं होतं ते डेस्क :) त्यांच्या नवऱ्याने परस्पर टाकलं होतं ग्रुपवर.

निवांत_काकू

ठकू, दुसऱ्याचं वापरलेलं म्हणून नाकं मुरडायची पद्धत आत्ताची गं. आम्ही तर थोरल्या बहिणीच्या फ्रॉकवरच वाढलो, आणि तो धाकटीलाही आखूड झाला की आजी गोधडीत घालायची. जे गोधडीतही जायचं नाही ते बोहारणीला. जुनी पँट आणि दोन साड्यांवर स्टीलचं पातेलं मिळवताना माझी आई जी घासाघीस करायची, तेवढं कुठल्या कंपनीचा मॅनेजर करत नसेल. बोहारीण दोनदा उठून जायची, टोपली डोक्यावर घेऊन जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची.

माझं लहानपण सोलापूरकडचं. ७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, आम्हाला सुकडी मिळायची, आणि मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही पण टाकायची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे आता सून उरलेला भात बिनदिक्कत डस्टबिनमध्ये लोटते तेव्हा मी काही बोलत नाही, पण उठून दुसऱ्या खोलीत जाते. ती वाईट नाही हो. तिला खरंच वाटतं की शिळं खाल्लं की आजारी पडतो.

मग मी युक्ती केली. शिळ्या पोळीचा कुस्करा म्हटलं की नातू तोंड वाकडं करायचा. त्यात कांदा, टोमॅटो, वरून शेव आणि लिंबू घालून "पोळी चाट" म्हणून दिलं, आता स्वतःहून मागतो. सून पण खाते. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या सालीच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, हे सगळं मी करते आणि कशाचं केलंय ते जेवणं झाल्यावर सांगते.

झब्बू

काकू, "कशाचं केलंय ते जेवणं झाल्यावर सांगते" हे वाचून मी आमच्या स्वयंपाकघराकडे जरा संशयाने बघितलं.

रानजाई

धाग्याच्या विरुद्ध सूर लावतेय, माफ करा. इथे सगळे काटकसरीच्या बाजूने लिहितायत म्हणून दुसरी बाजू.

माझे सासरे असेच होते. घरात गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, आणि ते पेपर वाचत त्याच्याशेजारी बसायचे. पाच मिनिटं झाली की बटण बंद, केसांना साबण असला तरी. चहाची पावडर मोजून डब्यात काढून ठेवायची. पाहुणे आले की दिवा एकच. रस्त्यावरून चालताना प्रत्येक दुकानातल्या वस्तूची चाळीस वर्षांपूर्वीची किंमत सांगायचे. आणि सासूबाई? त्यांनी कधी स्वतःसाठी चप्पलसुद्धा मागून घेतली नाही. सोल झिजून टाचेला खडे टोचायचे तरी मोच्याकडून शिवून आणायच्या.

सासरे गेल्यावर कपाट आवरताना एफडीच्या पावत्या निघाल्या. काही तर इतक्या जुन्या की दहा वर्षांवर कुणी हात न लावल्यामुळे पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात गेलेले. ते असं जातात हेही आम्हाला तेव्हाच कळलं. रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव टाकून शोधलं, मग त्या त्या बँकेत जाऊन वारसाची कागदपत्रं, हेलपाटे. पैसे मिळाले शेवटी. सासूबाईंना विचारलं काय घेऊ तुमच्यासाठी, तर म्हणाल्या आता काय करायचंय.

तर काटकसर करणाऱ्याला वाटतं मी कुणाला काही त्रास देत नाही. घरातल्या माणसांना विचारा एकदा. अर्धा_कप, तुम्ही लिहिलंय "दोघांनी मिळून ठरवलंय" म्हणून विचारते, तुमच्या मिसेस हा धागा लिहित्या तर असाच लिहिला असता का?

अर्धा_कप

@रानजाई, वाचून गप्प झालो. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "लिही, की कर्ज लवकर फेडायची कल्पना माझी होती आणि याला ती नंतर चढली." आणि असंही म्हणाली की वर्षातून एकदा नाटकाची पहिल्या रांगेतली तिकिटं काढायची हा तिचा हट्ट आहे तोही लिही. लिहिला.

@गणिती_बाप, बिल उघडून बघितलं, तिसरीच पायरी.

टिचकी

लग्नाच्या कपड्यांचं सांगू का? रंग कळला ना, मग त्या रंगाची साडी मावशी-काकूंच्या कपाटात शंभर टक्के सापडते. ब्लाऊज नवीन शिवा. डिझायनरवाल्यांपेक्षा जुन्या काठपदराच्या साडीचं कौतुक जास्त होतं, मी गेल्या लग्नसराईत हेच केलं. पुरुषांचं तर अजूनच सोपं, कुर्ता कुठूनही घ्या, फोटोत कुणाला कळतंय.

आमचं स्वतःचं लग्न नोंदणी पद्धतीचं, स्पेशल मॅरेज अॅक्टखाली, ३० दिवस आधी नोटीस आणि मग तीन साक्षीदार. खर्च म्हणाल तर हार, पेढे आणि रिक्षा. पण गावात महिनाभर चर्चा, की "मुलीकडच्यांनी काहीच केलं नाही, काहीतरी भानगड असणार". शेवटी आईने न राहवून जेवण ठेवलंच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून भटजीशिवाय, कमी खर्चात लग्नं लावून दाखवली. दीडशे वर्षं होऊन गेली आणि आपण ड्रोन आणि धुराच्या नळकांड्यांपर्यंत पोचलोय.

मुळशीकर

टिचकीताई, नोंदणी लग्नाला विरोध नाही, पण लग्नाचा खर्च म्हणजे नुसती उधळपट्टी हे शहरातलं बोलणं झालं.

आमच्याकडे प्रत्येक घरात आहेराची वही असते. कुणी किती दिले, कुणी पातेलं आणलं, कुणी तांदळाचं पोतं दिलं, सगळं लिहिलेलं. माझ्या बहिणीच्या लग्नात भावकीतल्या एकाने मांडवाचा पूर्ण खर्च उचलला, तेव्हा आमच्याकडे काही नव्हतं. आता त्याच्या मुलीचं लग्न आहे, तर मी "आम्ही साधेपणा मानतो" म्हणून पाकिटात १०१ टाकून येऊ? ते वहीतलं फेडायचंच असतं. ती आमची भिशीच आहे असं समजा, फक्त नंबर लग्नाप्रमाणे लागतो.

आणि शेतकरी लग्नापायी बुडतो हे तर इंग्रजांच्या काळापासून ऐकतोय. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली, त्याच्यानंतर जो चौकशी आयोग बसला त्यानेच लिहून ठेवलंय की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. तेव्हा गरिबाच्या लग्नाला नावं ठेवताना जरा सबुरीने.

ड्रोनबद्दल मात्र सहमत. आमच्या गावात ड्रोन आंब्याच्या झाडात अडकला आणि नवरदेवाचा भाऊ वर चढला, सगळं व्हिडिओ शूटिंग त्याचंच झालं.

टिचकी

मान्य, आहेराच्या वहीचा विचार मी केला नव्हता. पण त्या वहीत ड्रोन आणि प्री-वेडिंग नाही ना बसत?

मुळशीकर

नाही. ते हप्त्यावर असतं.

कार्डवाला_माजी

हप्त्याचा विषय निघालाच आहे तर. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात काढली, त्यामुळे उधळ्या मित्रांचा मला कधी हेवा वाटत नाही, त्यांची स्टेटमेंटं बघितलीत मी (तुमच्या मित्रांची नाही, तशा लोकांची).

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरून गाडी चालवणारे खूप असतात. व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास जातं. आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं की एकदा बाकी मागे राहिली की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दुसऱ्या दिवशी घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा त्याच दिवसापासून व्याज. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याज असतंच, तेवढ्या रकमेचं डिस्काउंट दाखवून ते झाकतात, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी. शिवाय रोख घेतलं असतं तर जी सूट मिळाली असती ती गेली ती वेगळीच.

अर्धा_कप, तुमच्या ग्रुपमधल्या आठातल्या निदान दोघांना ते बिल भागिले आठ जड जात असणार, पण बोलणार कोण. चिक्कू म्हणून हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो.

चहा_कटिंग

शेवटच्या वाक्याला +१००.

पेडण्याचो_पाव्हणो

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात व्हिला! अहो त्या आठवड्यात आम्ही गोवेकरच घराबाहेर पडत नाही, रस्त्यावर गाडी हलत नाही आणि मासे घ्यायला गेलं तर इसवणाचा दर ऐकून माणूस बांगडा घेऊन परत येतो. जानेवारी अर्धा सरू दे, मग या. तीच समुद्रकिनाऱ्याची वाळू असते, दर उतरलेले असतात. भावंडांना "मला सुट्टी नाही, १५ जानेवारीनंतर जमेल" एवढंच सांगा, पैशाचं नावच काढू नका.

आणि आम्हालाही उपदेश करू नका कुणी, चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीचं, सामान पूर्वी रानात जाऊन आणायचे, आता म्हापशाच्या बाजारात उभे राहून विकत घेतो, सुपाऱ्यांचा घड आणि चार रानफळं घेताना पाकीट हलकं होतं. पण देवाच्या माथ्यावर रिकामी माटोळी बांधणार का? तिथे काटकसर चालत नाही.

निवांत_काकू

खरंय. गणपतीत मी पण मोजत नाही.

सांडपाणी_प्रेमी

अवांतर: कुणी आरओच्या पाण्याबद्दल बोललं नाही अजून! एक लिटर शुद्ध पाण्यामागे जुन्या मशीनमधून दोन-तीन लिटर नळीवाटे बाहेर जातं. आमच्याकडे ती नळी बादलीत सोडलीय, फरशी पुसायला, संडासात टाकायला. बायकोची मैत्रीण आली होती, म्हणाली "बाई, ही बादली का ठेवलीय मध्येच?" मी म्हटलं आम्ही लातूरचे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आमच्याकडे, जलदूत म्हणायचे त्या गाडीला. एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेला माणूस नळी गटारात सोडूच शकत नाही.

गणिती_बाप

बरोबर, पण ते पाणी कुंड्यांना रोज घालू नका, क्षार जास्त असतात, मातीवर पांढरा थर धरतो. आणि तुमच्याकडे नगरपालिकेचं पाणी गोडं असेल तर आरओ लागतो का तेच आधी तपासा. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही फार महाग नसतो.

सांडपाणी_प्रेमी

बोअरचं आहे हो. मीटर लावला तर मीटरच घाबरेल.

रानजाई

परत मूळ विषयावर येते. माझा आधीचा प्रतिसाद जरा कडू झाला. सासऱ्यांच्या घरात राहून मी एक शिकले, आपल्या पैशावर आपला नियम, दुसऱ्याच्या पाच मिनिटांच्या गरम पाण्यावर नाही. त्यामुळे भावाच्या एसीबद्दल माझं मत असं की तापमानावर बोलू नका, बिलावर बोला. ते पाहुणे नाहीयेत, कित्येक महिने राहणार आहेत. "मागणार कसे" काय? बिल फ्रिजवर लावा आणि म्हणा यातलं निम्मं तुझं. मग बघा तो स्वतःच दुलई काढतो की एसी वाढवतो. आणि नाहीच काढली तरी पैसे तर भरतोय, मग खुशाल झोपू दे १८ वर.

अर्धा_कप

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

बिल फ्रिजवर लावलं. भावाने काही न बोलता पैसे पाठवले, एसी १८ वरच आहे. वहिनी मात्र दोन दिवस जरा घुश्शात होती, बायकोला म्हणाली "आम्हाला आधी सांगायचं ना". तिचं चूक नाही म्हणा, आम्ही पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं. पंखे दिवाळीत बदलणार.

गोव्याचं, पेडण्याच्या पाव्हण्यांचा सल्ला अर्धाच मानला. सुट्टी नाही असं खोटं सांगणं जमेना, म्हणून ग्रुपवर सरळ लिहिलं की आमचं बजेट एवढं आहे, त्यात बसलं तर येऊ, नाहीतर तुम्ही मजा करा, पुढच्या वेळी नक्की. दोघांचे "कसलं बजेट, चल ना" आले, थोरल्या चुलतभावाने काहीच लिहिलं नाही आणि रात्री फोन करून विचारलं, "जानेवारीत काढूया का रे?" अजून ठरलेलं नाही. "चिक्कू" तर चालूच आहे, तो काही जाणार नाही असं दिसतंय.

झब्बू

म्हणून म्हटलं होतं, मित्र बदला. भावंडं तर बदलता येत नाहीत.

ठकू_न्यूजर्सी

काकू, सगळं राहू दे, दोडक्याच्या शिरांची चटणी नीट सांगा ना. इकडे दोडका इतका महाग मिळतो की शिरा टाकताना जीव जातो.

निवांत_काकू

आधी धुवून पुसून घे, मग शिरा सोलाण्याने काढ. थोड्या तेलावर अगदी मंद गॅसवर परतत राहायचं, कुरकुरीत होईपर्यंत, घाई केलीस तर करपतात आणि कडू लागतात. मग तीळ आणि सुकं खोबरं त्यातच भाजायचं, लाल तिखट, मीठ, चिमूटभर साखर, आणि हाताने चुरायचं, मिक्सरला लावू नकोस, भुगा होतो. दोडका कोवळा बघून घे. आणि तेलात काटकसर करू नकोस गं, चटणी भुसा लागते.